मागेलांगला कोणी शरण आलं नव्हतं

मार्च २०२० मध्ये नेदरलंड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर इंडोनेशियाच्या भेटीला गेले. त्या निमित्ताने त्यांच्या देशाने एक कट्यार परत केली. नागमोडी, पात्यावर नाग कोरलेली. जावात अशा कट्यारीला क्रिस म्हणतात, तिला नाव ठेवतात आणि नावाआधी 'क्याई' हा थोरामोठ्यांना द्यायचा मान लावतात. हिचं नाव क्याई नोगो सिलुमान. लायडनच्या संग्रहालयात इतर क्रिसांच्या गर्दीत ती अशी हरवली होती की नेमकी कोणती ती, हे ठरवायला जुनी पत्रं धुंडाळावी लागली, तज्ज्ञांना बोलवावं लागलं.

ती सापडली, घरी गेली, चांगलं झालं. मला बोलायचं आहे ते ती हॉलंडला गेली कशी, याबद्दल. लढाईत कोणी ती हिसकावून घेतली नव्हती. ती दिलेली होती, समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दिलेली.

फेब्रुवारी १८३०. जावातलं युद्ध पाचव्या वर्षात होतं. मध्य जावातल्या योग्याकर्ता या राज्याचा राजपुत्र दिपोनेगोरो, तिसऱ्या हमेंकुबुवोनो सुलतानाचा थोरला मुलगा, डचांच्या हाती लागत नव्हता. त्याचा धर्मगुरू क्याई मोजो १८२८ मध्येच पकडला गेला होता. विशीतला तडफदार सेनापती सेंतोत १८२९ च्या ऑक्टोबरात डचांच्या स्वाधीन झाला होता. शेवटचे काही महिने दिपोनेगोरो दोन सेवकांना घेऊन, तापाने फणफणत रानावनात हिंडत होता. तरीही सापडत नव्हता. तेव्हा कर्नल क्लेरेन्स या अधिकाऱ्याने बोलणी लावली. डच सैन्याचे प्रमुख जनरल दे कॉक यांच्याशी बोला, जमलं नाही तर तुम्हाला परत डोंगरात जाऊ देऊ, असा शब्द त्याने दिला. दिपोनेगोरोने तो मानला. आपली क्रिस त्याने क्लेरेन्सच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, ती डच राजा पहिला विलेम याच्या दुर्मीळ वस्तूंच्या दालनात जाऊन पडली.

मधे जे घडलं ते मध्य जावातल्या मागेलांग गावी घडलं.

८ मार्चला दिपोनेगोरो मागेलांगला आला. रमजान चालू होता. रोज्यांच्या दिवसांत राजकारणाचं बोलायचं नाही, ही त्याची अट दे कॉकने मान्य केली. मग भेटीगाठी होत राहिल्या. दे कॉकने त्याला घोडा दिला, खर्चाला पैसे दिले, कैदेत असलेली त्याची घरची माणसं आणून भेटवली. आणि २५ मार्चला त्याच दे कॉकने आपल्या अधिकाऱ्यांना गुप्त हुकूम दिले की राजपुत्राला पकडायची तयारी ठेवा. २७ तारखेला ईद झाली. २८ ला, रविवारी सकाळी, आपल्याकडे ज्याला बासी ईद म्हणतात त्या दिवशी, दिपोनेगोरो रीतीप्रमाणे भेटायला म्हणून रेसिडेन्सीच्या, म्हणजे डच अधिकाऱ्याच्या, बंगल्यात गेला. लढायच्या तयारीने गेला नव्हता. निघायची वेळ आली तेव्हा दे कॉकने सांगितलं की आता परत जाता येणार नाही. बाहेर त्याच्या माणसांची शस्त्रं काढून घेतली गेली. त्याच दिवशी गाडीत बसवून त्याला सेमारांगच्या वाटेला लावलं, तिथून बाताव्हिया (आजचं जकार्ता), तिथून समुद्रापार मानादो.

त्या बंगल्यात एक खुर्ची अजून जपून ठेवली आहे. तिच्या हातावरची खूण दाखवून लोक सांगतात, राग आवरताना त्याची बोटं इथे रुतली. खुर्चीची गोष्ट खरी असेल, मागाहून जोडलेलीही असेल. लोकांनी जवळजवळ दोनशे वर्षं आठवण जपली ती आवरलेल्या रागाची, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

डचांनी या दिवसाला दुसरंच नाव दिलं. निकोलास पीनेमान या चित्रकाराने दे कॉकसाठी त्याचं चित्र काढलं. पीनेमान जावाला कधी गेला नव्हता. चित्राचं नाव 'दिपोनेगोरोची शरणागती'. बंगल्यावर डच झेंडा फडफडतो आहे. दे कॉक पायरीवर उभा राहून, हात लांब करून गाडीकडे बोट दाखवतो आहे, आणि दिपोनेगोरो त्याच्या खालच्या पायरीवर, आपली चूक कळल्यासारखा उभा आहे. जनरल बाप आणि राजपुत्र हट्टी पोर, असा सगळा थाट.

पंचवीसेक वर्षांनी तोच प्रसंग रादेन सालेह या जावातल्या चित्रकाराने काढला. हा वीस वर्षांहून जास्त काळ युरोपात राहून चित्रकला शिकून आलेला. चित्र पुरं झालं १८५७ मध्ये आणि त्याने नाव दिलं 'दिपोनेगोरोची अटक'. ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एकाच बंगल्याच्या त्याच पायऱ्यांवर दोन वेगळे इतिहास घडताना दिसतात. सालेहच्या चित्रात झेंडा नाही. दिपोनेगोरो दे कॉकच्या बरोबरीने उभा आहे, मान ताठ. दे कॉक त्याच्या नजरेला नजर देत नाही. डच अधिकाऱ्यांची डोकी धडाच्या मानाने मोठी काढली आहेत. चित्र हॉलंडच्या राजाला, तिसऱ्या विलेमला, नजर केलेलं. भेट म्हणून पाठवलेल्या चित्रात सालेहने राजाला कळवलं की तुमच्या माणसांनी अटक केली, तो शरण आला नव्हता. हे चित्र १९७८ मध्ये इंडोनेशियाला परत मिळालं.

म्हणजे वस्तू परत येत आहेत. सत्तरच्या दशकात दिपोनेगोरोचं खोगीर आलं, चित्र आलं, २०१५ मध्ये यात्रेची काठी आली, २०२० मध्ये कट्यार. माझं म्हणणं असं की नेदरलंड्सने आता शब्दही परत करावा. १८३० च्या मार्चमध्ये आम्ही शब्द मोडला, पाहुणा म्हणून आलेल्याला धरलं, हे त्या देशाने राज्य म्हणून, आपल्या तोंडाने सांगावं. २०२० मध्ये राजाने दिलगिरी व्यक्त केली, २०२२ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांनी माफी मागितली. ती १९४५ ते १९४९ या काळातल्या हिंसेबद्दल होती. जावा युद्ध त्यात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, एका शब्दाने काय होतं? माणूस हरलाच होता. पण हरलेल्याला पकडायला दगा कशाला लागला? आणि शब्दाने फार काही होतं. शरण आलेल्याला हद्दपार केलं तर ती दया ठरते. वाटाघाटीला बोलावून धरलेल्याला हद्दपार केलं तर तो विश्वासघात ठरतो. मग पुढे पंचवीस वर्षं त्याला कोंडून ठेवण्याला काय नाव द्यायचं, हा प्रश्नही उभा राहतो.

शेवटाचं जे झालं तेच सुरुवातीचंही झालं आहे. जावा युद्धाची थोडक्यात सांगायची गोष्ट अशी असते: डचांनी दिपोनेगोरोच्या तेगालरेजोच्या जमिनीतून, पूर्वजांच्या कबरींवरून रस्ता आखला, खुंट्या रोवल्या, राजपुत्र भडकला आणि युद्ध पेटलं. खुंट्या रोवल्या गेल्या होत्या, हे खरं. २० जुलै १८२५ ला त्याला पकडायला शिपाई आले, तेगालरेजोचा वाडा जाळला आणि तो सेलारोंगच्या गुहेकडे निघून गेला, हेही खरं. पण एका राजपुत्राच्या जमिनीवरच्या खुंट्यांसाठी लाखो शेतकरी पाच वर्षं मरत नाहीत. ते टोलनाक्यांसाठी मरतात.

टोलनाका हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. योग्याकर्ताच्या मुलखात हे नाके जागोजागी होते आणि सरकार ते मक्त्याने देई, बहुतेक चिनी मक्तेदारांना. मक्त्याची रक्कम वाढली की मक्तेदार ती वाटसरूंकडून काढणार, हा व्यवहारच तसा. १८१६ ते १८२४ या आठ वर्षांत योग्याकर्ताच्या नाक्यांचं डच उत्पन्न जवळजवळ तिप्पट झालं. भाताची, भाजीची कावड घेऊन बाजाराला निघालेला माणूस नाक्यावर तासन् तास ताटकळे. माल तपासायला उशीर झाला तर रात्र तिथेच काढावी लागे. तिथेच अफू विकायला असे, जुगाराचा डाव मांडलेला असे. सकाळी तो निघे तेव्हा माल गेलेला, पैसे गेलेले. पाठीवर झोळीत पोर बांधून चाललेल्या बाईलाही पोराचा टोल भरावा लागे, गाठोड्याचा भरावा तसा. मला या युद्धाचं कारण एका ओळीत विचारलं तर मी त्या झोळीकडे बोट दाखवीन.

आणि हे डच कचेरीला ठाऊक होतं, म्हणून राग जास्त येतो. १८२४ मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या समितीने हे नाके बंद करा, अशी शिफारस केली. उत्पन्न बुडेल म्हणून ती बाजूला ठेवली गेली. वर्षभरात युद्ध पेटलं. सुरुवातीला टोलनाक्यांचा अहवाल आणि शेवटी अटकेचे गुप्त हुकूम, दोन्ही डच कागदांतच आहेत. रस्त्याच्या भांडणाची आणि शरणागतीची गोष्ट ज्यांनी लिहिली, त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्यात निसर्गानेही हात धुऊन घेतले. १८२१ मध्ये पीक गेलं, त्याच वर्षी पटकी जावाला पोहोचली, १८२२ च्या अखेरीस मेरापी ज्वालामुखी फुटला. लोक म्हणू लागले की आता रातू आदिल, न्यायी राजा, येणार. दिपोनेगोरो लहानपणापासून राजवाड्यापासून दूर, पणजीजवळ तेगालरेजोला वाढलेला, शेतकऱ्यांत आणि मदरशांतल्या विद्यार्थ्यांत मिसळलेला. लोकांची नजर त्याच्यावर गेली आणि त्यानेही ती भूमिका घेतली.

इथे आपलाही संबंध येतो, आणि तो आपण सहसा सांगत नाही. १८११ ते १८१६ जावा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, आणि त्याचा कारभार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली चालत होता. पुण्यात एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून बसला होता, त्याच सुमारास योग्याकर्ताला क्रॉफर्ड रेसिडेंट म्हणून बसला होता. २० जून १८१२ ला जावाचा ब्रिटिश कारभारी रॅफल्स याच्या हुकमाने योग्याकर्ताच्या राजवाड्यावर हल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांत बंगालच्या पलटणीतले हिंदी शिपाई होते. खजिना लुटला गेला, ग्रंथालयातल्या पोथ्या गाड्या भरून नेल्या गेल्या, सुलतानाला हद्दपार केलं. सव्वीस वर्षांच्या दिपोनेगोरोने हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच्या करारात ब्रिटिशांनी टोलनाके सुलतानाकडून स्वतःकडे घेतले, तेच पुढे डचांच्या हाती आले. नाक्यांवर विकली जाणारी अफू बंगालची. पटकीची ती साथही बंगालातूनच निघालेली. जावाच्या दुःखात हिंदुस्थानची माती इतकी मिसळलेली आहे. आपण तेव्हा स्वतःच गुलाम होतो, हे खरं, पण तेवढ्याने शिपायांच्या हातातली लूट नाहीशी होत नाही. लुटलेल्या पोथ्यांपैकी ७५ पोथ्यांच्या डिजिटल प्रती २०१९ मध्ये लंडनहून योग्याकर्ताच्या सुलतानाला देण्यात आल्या. मूळ पोथ्या लंडनलाच राहिल्या.

हा प्रकार मराठी माणसाला चांगला कळावा. २०२४ मध्ये वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली ती तीन वर्षांसाठी, उसनी. २०२५ मध्ये रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावात बोली लावून विकत घेतली. त्या दिवशी आनंद झाला, आणि पैसे मोजून आणावी लागली याचं वाईटही वाटलं. उसनी, विकत आणि प्रत, या तिन्हींपेक्षा क्रिस परत देणं कितीतरी बरं. डचांनी याबाबतीत ब्रिटिशांपेक्षा मोठं मन दाखवलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्याकडून पुढचं पाऊल मागता येतं ते त्यामुळेच.

युद्ध कसं झालं यावर थोडक्यात बोलतो, कारण ते आकडेच बोलतात. पहिली दोन वर्षं डच चाचपडत राहिले. १८२७ पासून दे कॉकने मुलखात छोट्या गढ्यांचं जाळं विणलं, अडीचशेहून अधिक, आणि बंडखोरांचा फिरायचा परिसर आकसत नेला. पाच वर्षांत सुमारे दोन लाख जावावासी मेले, बहुतेक भुकेने आणि रोगाने. योग्याकर्ताची लोकसंख्या निम्म्यावर आली. डचांच्या बाजूचे सुमारे आठ हजार युरोपीय आणि सात हजार स्थानिक शिपाई गेले. हा खर्च भरून काढायला आलेला नवा गव्हर्नर जनरल योहानेस व्हान देन बोश १८३० मध्येच जावात उतरला. गावांनी जमिनीचा पाचवा हिस्सा कॉफी, ऊस, नीळ अशा सरकारी पिकांना द्यायचा, अशी त्याची योजना, आणि प्रत्यक्षात घेतलं गेलं ते त्याहून जास्त. १८७७ पर्यंत या वाटेने ८० कोटींहून अधिक गिल्डर हॉलंडच्या तिजोरीत गेले. मागेलांगच्या बंगल्यात जे मिटवलं गेलं ते या पैशाच्या वाटेतला शेवटचा अडथळा होता.

आता दिपोनेगोरोच्या बाजूचं न पटणारंही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही पीनेमानसारखंच चित्र काढतो आहे. युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत न्गावीला आणि इतरत्र चिनी वस्त्यांवर हल्ले झाले, बायकापोरंही मारली गेली. नाक्यावर बसलेला मक्तेदार डोळ्यांसमोर होता, मक्ता देणारी कचेरी लांब होती, म्हणून राग जवळच्यावर निघाला. हे कारण आहे, समर्थन नव्हे. दिपोनेगोरोने स्वतः आपल्या माणसांना चिन्यांशी संबंध ठेवायला मनाई केली होती. गावोकच्या लढाईतल्या पराभवाचं खापर त्याने एका चिनी बाईच्या सहवासात आपलं सत्त्व गेलं, यावर फोडलं. आणि तो इंडोनेशियासाठी लढत नव्हता, ती कल्पनाच तेव्हा नव्हती. त्याला जावा हवं होतं, इस्लामच्या आधारावर उभं, जिथे युरोपीय व्यापारी म्हणून किनाऱ्यावर राहतील. १९७३ मध्ये इंडोनेशियाने त्याला राष्ट्रवीर ठरवलं. सेमारांगच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे, लष्कराच्या तुकडीला आहे, चौकाचौकात घोड्यावरचे पुतळे आहेत. पुतळ्यात न्गावी येत नाही. इंडोनेशियाने तेही आपल्या मुलांना सांगावं, असं मला मनापासून वाटतं. पण न्गावीमुळे मागेलांगचा दगा हलका होत नाही. दे कॉकने चिन्यांच्या वतीने न्याय करायला त्याला धरलं नव्हतं.

आणि ही चिनी बाईची गोष्ट आपल्याला कळली कुठून? त्याच्याच लिखाणातून. मानादोच्या कैदेत मे १८३१ ते फेब्रुवारी १८३२ या नऊ महिन्यांत त्याने आपली बखर रचली. बाबाद म्हणतात तिकडे, आपल्या बखरीची थेट बहीण. जावानी भाषा, अरबी वळणाची लिपी, सगळं छंदात, हजाराहून अधिक पानं. स्वतःबद्दल 'तो' असं लिहिलेलं. त्यात आपल्या चुका आहेत, मोह आहेत, स्वप्नं आहेत, आणि मागेलांगची ती सकाळही आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने ही बखर जगाच्या स्मृतीच्या नोंदवहीत घेतली. हरलेल्या बाजूने इतकं मोकळेपणाने लिहून ठेवलेलं फार थोडं मिळतं. कैद्याने आपले दोष लिहून ठेवले, आणि ज्यांनी त्याला कैद केलं त्यांनी राज्य म्हणून जवळजवळ दोनशे वर्षांत एक वाक्य लिहिलं नाही, हे मला सलतं.

तसं एका डच राजपुत्राने ते लिहिलं होतं. १८३३ मध्ये दिपोनेगोरोला मानादोहून मकास्सरच्या किल्ल्यात, फोर्ट रॉटरडॅममध्ये हलवलं होतं. मार्च १८३७ मध्ये डच आरमारातून प्रवास करणारा सोळा वर्षांचा राजपुत्र हेन्ड्रिक तिथे आला आणि त्याला भेटला. हेन्ड्रिक पहिल्या विलेमचा नातू, म्हणजे ज्याच्या दालनात ती क्रिस पडली होती त्याचाच. त्याने वडिलांना कळवलं की या माणसाला ज्या रीतीने पकडलं गेलं त्याने डच वचनाला डाग लागला आहे. वडील पुढे तीनच वर्षांनी राजा झाले. दिपोनेगोरो त्यानंतरही अठरा वर्षं त्याच किल्ल्यात होता. ८ जानेवारी १८५५ ला तो तिथेच वारला, आणि मकास्सरलाच त्याची कबर आहे.